मोजणाऱ्यांची मोजणी

भूगोल विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना स्थलनिर्देशक नकाशा नवा नाही. रंगीत पत्रकावरच्या तपकिरी समोच्चरेषा, निळे ओढे, लाल रस्ते, कपाळावर लिहिलेला ‘४७ ई/९’ असा काहीसा गूढ क्रमांक आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न : ‘अ’ टेकडीवरून ‘ब’ टेकडी दिसेल काय? हा प्रश्न सोडवताना मला नेहमी कुतूहल वाटे, की ही माहिती हवी कुणाला? शेतकऱ्याला शेत दिसले म्हणजे पुरे, पोस्टमनला घर सापडले म्हणजे पुरे. एका टेकडीवरून दुसरी टेकडी दिसते की नाही, याच्याशी त्यांना काय कर्तव्य? उत्तर सोपे आहे. हा प्रश्न तोफ लावणाऱ्या माणसाचा आहे. आपल्या देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे. तिथल्या प्रशिक्षणार्थ्याला हा प्रश्न विचारला तर तो मुळीच बुचकळ्यात पडणार नाही. आपण भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आजही अर्धे लष्करी शिक्षणच घेत असतो, फक्त ते आपल्याला कुणी सांगत नाही.

ज्या खात्याने हे नकाशे केले ते भारतीय सर्वेक्षण खाते लष्कराच्या पोटी जन्माला आले. १७६७ साली क्लाइव्हने जेम्स रेनेल यास बंगालचा महासर्वेक्षक नेमले, तेव्हापासून या खात्याचा इतिहास मोजतात. मुलूख नुकताच हाती आलेला. सैन्य कोठून न्यावे, नदी कोठे उतरावी, रसद कुठे मिळेल हे कंपनी सरकारला हवे होते. पुढे १८०२ साली विल्यम लँबटन या पायदळातील अधिकाऱ्याने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणमितीय महासर्वेक्षणास आरंभ झाला. अर्ध्या टनाचा तो कोनमापक डोंगरावर चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे लोक उत्तरेकडे सरकत राहिले. लँबटनला हिमालय पाहायला मिळाला नाही. १८२३ साली आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, नागपूरच्या वाटेवर असताना तो वारला. एव्हरेस्टचे नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. हिंगणघाटच्या त्या कबरीची मात्र विदर्भाबाहेर फारशी कुणी चौकशी करीत नाही.

लष्करी नकाशाचा एक मोठा गुण होता. त्याचा परीक्षक कठोर होता. नकाशात ओढ्यावर उतार दाखवला आणि तिथे उतार नसला, तर पलटण अडकणार, माणसे मरणार. खात्याने वर्षभरात किती पत्रके छापली, हे सेनापती विचारीत नाही. तो विचारतो, हा नकाशा खरा आहे का? पण या गुणाच्या जोडीला एक दोषही आला. जो नकाशा आपल्याला उपयोगी तो शत्रूलाही उपयोगी, म्हणून तो दडवायचा. नकाशा जितका चांगला तितका तो कुलपात, अशी ही उफराटी रीत.

स्वातंत्र्यानंतर खाते मुलकी झाले. १९७१ साली केंद्रात विज्ञान व तंत्रज्ञान विभाग निर्माण झाला आणि पुढे सर्वेक्षण खाते त्याच्या छत्राखाली आले. सैन्याची स्वतंत्र नकाशा शाखा वेगळी आहेच. पण मन लगेच बदलले नाही. १९६७ च्या संरक्षण खात्याच्या आदेशाप्रमाणे सीमेपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे प्रतिबंधित ठरले. या हिशोबाने मुंबई, ठाणे, जवळजवळ सारे कोकण कुलपात गेले. आपल्या जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याचा मुलूखही या पट्ट्याच्या काठावर येतो. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाचा नकाशा अभ्यासायचा तर परवानगी हवी, आणि पुण्याच्या विद्यार्थ्याला पुण्याचा सहज मिळे. शत्रूची भीती किती खरी होती हे मला सांगता येणार नाही. पण उपग्रहांनी आकाशातून सर्व काही टिपायला सुरुवात केल्यानंतरही हे कुलूप लटकत राहिले, एवढे मात्र खरे.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने पहिले मोठे वळण दिले. नकाशांच्या दोन मालिका झाल्या. एक संरक्षण मालिका सैन्यासाठी, दुसरी खुली मालिका नागरिकांसाठी. खुल्या मालिकेतून संवेदनशील ठिकाणे वगळलेली. २०१७ साली, खात्याला २५० वर्षे झाली तेव्हा, खुल्या मालिकेतील १:५०,००० प्रमाणाची पत्रके संगणकावरून विनामूल्य घेण्याची सोय झाली. त्यासाठी आधार क्रमांक मात्र द्यावा लागे. नकाशा खुला, पण घेणाऱ्याची नोंद ठेवायची. जुनी सवय अशी सुटते थोडीच! त्याच्या आदल्याच वर्षी, २०१६ मध्ये, विनापरवाना भौगोलिक माहिती बाळगणाऱ्यास १०० कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवणारा एक मसुदा सरकारने पुढे आणला होता. बरीच ओरड झाली आणि तो बाजूला पडला. मग १५ फेब्रुवारी २०२१ ला नेमके उलटे घडले. भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज राहिली नाही. पाच वर्षांत दंडापासून मोकळीकीपर्यंत! डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने तर २०३० पर्यंत गावे आणि शहरे ५ ते १० सेंटिमीटर इतक्या बारकाईने नकाशाबद्ध करण्याचे उद्दिष्ट ठेवले. महासर्वेक्षकाच्या ज्या खुर्चीवर पिढ्यान्‌पिढ्या लष्करी अभियंते बसले, तिथे अलीकडे प्रशासकीय सेवेतील अधिकारीही आले.

इथपर्यंत सगळे स्वागतार्हच आहे. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. सेनापती हा परीक्षक गेला, तर त्याच्या जागी कोण आला? मुलकी खात्याला ‘तुझे काम बरे चालले आहे की नाही’ हे कोण आणि कशावरून सांगणार? सरकारी उत्तर ठरलेले असते. उद्दिष्टे ठरवा, आकडे मागवा, वर्षअखेर गुण द्या.

हा प्रयोग सर्वांत पूर्णपणे झाला तो इंग्लंडात. तिथल्या नकाशा खात्याचे नावच ‘ऑर्डनन्स सर्व्हे’, म्हणजे तोफा-दारूगोळ्याच्या खात्याची मोजणी. १७९१ साली फ्रेंचांच्या स्वारीच्या भीतीने ते सुरू झाले. प्रमुख नेहमी सैन्यातला. १९७७ साली पहिला मुलकी प्रमुख आला आणि १९८३ साली खाते संपूर्ण मुलकी झाले. थॅचरबाईंच्या सरकारने १९८८ पासून सरकारी खात्यांतली कामाची अंगे तोडून त्यांच्या ‘कार्यकारी संस्था’ बनवण्याचा सपाटा लावला. १९९० साली नकाशा खातेही त्यात गेले. मंत्र्याने उद्दिष्टे ठरवायची, मुख्याधिकाऱ्याने ती गाठायची, कशी गाठायची ते त्याचे तो पाहील. १९९९ साली ते स्वतःच्या मिळकतीवर चालणारे व्यापारी खाते झाले आणि २०१५ साली सरकारच्या मालकीची कंपनी.

या संस्थेला दिलेली दोन मापे मला मोठी बोलकी वाटतात. पहिले पैशाचे : खर्चाचा किती भाग विक्रीतून आणि परवान्यांतून भरून निघतो? या मापाने संस्था हुशार झाली, तशीच कंजूषही झाली. नकाशाच्या हक्कांवर तिने डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. मोटारवाल्यांच्या एका बड्या संघटनेने तिचे नकाशे उतरवून घेतल्याचे प्रकरण २००१ साली २ कोटी पौंडांना मिटले. रस्त्यांची रुंदी, वळणांचे बाक अशा बारीक रेखनशैलीवरून ती नक्कल पकडली गेली होती. हे ठीकच, पण खात्याची मिळकत कुठून येई? पुष्कळशी नगरपालिकांकडून आणि इतर सरकारी खात्यांकडूनच! सरकारने एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचे आणि त्याला कार्यक्षमता म्हणायचे, असा हा प्रकार होता. नकाशे करदात्याच्या पैशांतून झाले, मग त्याने पुन्हा पैसे का मोजायचे, अशी चळवळ तिथल्या वर्तमानपत्राने २००६ पासून चालवली आणि एप्रिल २०१० मध्ये बरीचशी माहिती विनामूल्य खुली करावी लागली.

दुसरे माप मात्र मला मनापासून आवडले. जमिनीवर एखादी महत्त्वाची गोष्ट, म्हणजे घर, रस्ता, कारखाना, उभी राहिल्यावर सहा महिन्यांच्या आत ती खात्याच्या नोंदीत आलीच पाहिजे, आणि अशा गोष्टींपैकी ९९.६ टक्के आल्या पाहिजेत, असे हे उद्दिष्ट. म्हणजे मोजायचे ते नकाशाचे वय. किती पत्रके काढली हे नाही, किती विकली हे नाही. जमीन आणि कागद यांच्यात किती अंतर पडले ते. इतके नेमके माप सेनापतीनेही कधी लावले नसेल. अर्थात यामागे मोठी तयारी होती. सुमारे २,३०,००० पत्रके त्यांनी १९९५ पर्यंत संगणकावर चढवली होती, आणि फरक टिपणारे मोजणीदार गावोगाव हिंडत होते. मापाच्या मागे माणसे आणि पैसा नसेल तर माप हे नुसते शोभेचे राहते.

आपल्याकडे २००९ साली केंद्र सरकारने बहुतेक खात्यांना एक वार्षिक गुणपत्रिका लावली. वर्षाच्या आरंभी खात्याने आपली उद्दिष्टे लिहायची, प्रत्येकाला भारांक द्यायचा, एकूण १००, आणि वर्षअखेर त्यात किती गुण पडले ते मोजायचे. विद्यार्थ्यांना ही पद्धत परिचयाची वाटेल. फरक इतकाच, की इथे परीक्षार्थीच प्रश्नपत्रिकेचा मसुदा करीत असे. सोपे प्रश्न कोण घालणार नाही? २०१४ नंतर ही पद्धत मागे पडली. आकड्यांची हौस मात्र राहिली.

ही हौस महाराष्ट्राला नवी नाही. जमीन महसुलासाठी झालेली मोजणी हा नकाशा खात्याचा चुलतभाऊच. पेशवाई गेल्यावर पुणे प्रांतात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस मोठी शास्त्रशुद्ध मोजणी हाती घेतली. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचा हिस्सा धरायचा. कागदावर यात काही खोट नव्हती. पण शेतात जाऊन आकडे आणणारे होते हाताखालचे कारकून आणि मोजणीदार. तपासणारा कुणी नाही. वरच्याला आकडा हवा, खालच्याने तो दिला. कुठे लाच घेऊन दिला, कुठे झाडाखाली बसून दिला. सारा इतका बेसुमार बसला की रयत शेते टाकून जाऊ लागली आणि काही वर्षांतच ती मोजणी गुंडाळावी लागली. त्यानंतर इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास नव्याने काम सुरू केले. विंगेट हा मुंबईच्या सैन्यातला अभियंता. त्याने निव्वळ उत्पन्नाचा गहन हिशोब सोडून दिला. जमिनीची प्रत आण्यांत ठरवली, साखळी ३३ फुटांची घेतली, आणि वरिष्ठाने स्वतः जाऊन काही शेतांची फेरतपासणी करायचीच असा नियम घातला. त्या साखळीचा चौरस म्हणजे आपला गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही बाजारात जमिनीचा भाव आपण याच सैनिकी साखळीने बोलतो. विंगेटने काही सारेच भले केले असे नव्हे. पुढच्या फेरआकारणीतली सारावाढ १८७५ च्या दख्खनच्या दंग्यामागे एक कारण म्हणून सांगितली जाते. पण मोजणाऱ्याला मोजल्याशिवाय मोजणीवर भरवसा ठेवू नये, ही गोष्ट त्याला कळली होती.

या महसुली मोजणीने एक जागा मात्र सोडून दिली होती. ती म्हणजे गावठाण. शेत सारा देते म्हणून शेत मोजले. घर सारा देत नाही म्हणून बहुतेक गावांत घरे कधी मोजलीच गेली नाहीत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी ही उणीव भरून काढायचे ठरले. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी या गावी ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली. उडवायचे ड्रोन सर्वेक्षण खात्याने. चौकशी करून मालमत्ता पत्रक द्यायचे राज्याच्या भूमी अभिलेख आणि महसूल खात्यांनी. नकाशा खात्याच्या इतिहासात सामान्य माणसाच्या ओट्यापर्यंत ते प्रथमच येत होते. लष्कराचे खाते जनतेचे झाले, याचा याहून चांगला दाखला कोणता?

आता आकडे पाहा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितले, की देशात ३ लाख १७ हजारांहून अधिक गावांची ड्रोन मोजणी पूर्ण झाली; ठरवलेल्या गावांपैकी ९२ टक्के. गुणपत्रिकेत हे विशेष प्राविण्यच. त्याच निवेदनात दुसरा आकडा होता : मालमत्ता पत्रके तयार झाली ती सुमारे १ लाख ५३ हजार गावांची. म्हणजे ड्रोन ज्या गावांवरून गेले त्यांतल्या निम्म्याहून अधिक गावांत पत्रक अद्याप तयार व्हायचे होते. यात कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. उड्डाण हे एका दिवसाचे काम. चौकशी, हरकती, सुनावणी हे चिकाटीचे. पण ‘किती गावे झाली?’ याचे उत्तर कोणत्या आकड्याने द्यायचे, यावर सारे अवलंबून आहे.

माझ्या आजोळी, दिंडोरी तालुक्यात, ड्रोन येण्यापूर्वी घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या, कारण वरून दिसायला पांढरी खूण हवी. दोन चुलत्यांच्या मधल्या बोळातून रेघ कुठून न्यायची यावर सकाळभर वाद झाला. एक म्हणे पन्हाळाच्या पाण्यावरून, दुसरा म्हणे जोत्यावरून. शेवटी रेघ मारलीच नाही. दुपारी ड्रोन आला, घिरट्या घालून गेला. बोळ त्याच्या छायाचित्रात सेंटिमीटरपर्यंत अचूक आला असणार. तो कुणाचा, हे मात्र छायाचित्रात येत नाही. माझी आजी म्हणाली, “वरून पाहिलं म्हणजे सगळ्यांची घरं सारखीच दिसत असतील.” ‘गावे पूर्ण’ या रकान्यात तो दिवस जमा झाला. या बोळासाठी कोणत्याही रकान्यात जागा नव्हती.

शेताच्या मोजणीत आपण वेगळेच माप अंगवळणी पाडून घेतले आहे. भूमी अभिलेख कार्यालयात साधी, तातडीची आणि अतितातडीची अशा तीन दरांच्या मोजण्या वर्षानुवर्षे होत्या. डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले. पैसे जास्त, मुदत कमी. कार्यालयाचे माप मुदतीचे. पण दगड योग्य ठिकाणी बसला का, याला दर नाही. ते ठरते पुढच्या पिढीच्या भांडणात.

राहता राहिले आपले सातपूर. नकाशांच्या आखणीत २० अंश उत्तर अक्षवृत्त आणि ७३ अंश ४५ मिनिटे पूर्व रेखावृत्त आपल्या परिसरातच एकमेकांना छेदतात. त्यामुळे गंगापूर धरण ४६ एच/१२ या पत्रकात, रामकुंड ४६ एच/१६ मध्ये, त्र्यंबकेश्वर ४७ ई/९ मध्ये आणि देवळाली ४७ ई/१३ मध्ये जाते. एक नाशिक पाहायला चार पत्रके जोडून टेबलावर अंथरावी लागतात. माझ्या पाहण्यातल्या एका जुन्या पत्रकावर सातपूर म्हणजे त्र्यंबक रस्त्यालगतचा घरांचा एक लहानसा पुंजका आहे. भोवती शेते, विहिरी, पायवाटा. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वसाहत आली, कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि त्या विहिरींवर आता काय उभे आहे ते आपण रोज पाहतो. पत्रकाच्या समासात पाहणीचे वर्ष छापलेले असते. तोंडी परीक्षेत ते कुणी विचारत नाही, आणि मला वाटते पहिला प्रश्न तोच असावा.

भूगोल विभागातील प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या क्षेत्रभेटीसाठी दूर न जाता खुल्या मालिकेतील आपल्या परिसराची पत्रके उतरवून घ्यावीत, वर्गाच्या चार तुकड्या कराव्यात आणि पांडवलेण्यांपासून गंगापूर धरणापर्यंत चालत जाऊन कागदावर आहे पण जमिनीवर नाही, जमिनीवर आहे पण कागदावर नाही, अशा गोष्टींची यादी करावी. नाले विशेषकरून पाहावेत; पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते ते जुन्या पत्रकावरून चांगले कळते. यादी झाली की तिची एक प्रत महानगरपालिकेला आणि एक सर्वेक्षण खात्याच्या पुण्याच्या कार्यालयाला पाठवता येईल. टपालखर्चाची जबाबदारी मी घेतो.